ग्राहकांचा डेटा, प्रायव्हसी आणि आपला धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रायव्हसी म्हणजे सायबर सिक्युरिटीच ना? आमच्याकडे फायरवॉल आहे, पासवर्ड पण कडक आहेत.

नाही, आणि बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो. सिक्युरिटी म्हणजे नको त्या माणसाच्या हाती डेटा लागू नये याची काळजी. प्रायव्हसी त्याच्या पुढे जाते, म्हणजे ज्याच्या हाती डेटा रीतसर आलाय त्याने तो कशासाठी वापरायचा, किती दिवस ठेवायचा आणि पुढे कोणाला द्यायचा. ट्विटरचं बघा, लोकांनी अकाउंट सुरक्षित राहावं म्हणून फोन नंबर आणि ईमेल दिले होते, आणि तेच नंबर जाहिराती कोणाला दाखवायच्या हे ठरवायला वापरले गेले. या प्रकरणात हॅकिंगचा संबंधच नव्हता, तरी २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १५ कोटी डॉलरचा दंड लावला. एका कामासाठी घेतलेली माहिती परस्पर दुसऱ्या कामाला लावली, एवढंच झालं होतं. तुमच्याकडे डिलिव्हरीसाठी घेतलेल्या नंबरवर ऑफरचे मेसेज जात असतील तर प्रकार तोच आहे, फक्त आकडा छोटा.

आमचा धंदा छोटा आहे. हे सगळं मोठ्या कंपन्यांसाठी असतं ना?

थोडंफार खरं आहे, पूर्ण नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा धंद्याचा आकार बघतो, म्हणजे उलाढाल किती, किमान १ लाख लोकांचा किंवा घरांचा डेटा हाताळता का, किंवा कमाईचा अर्धा तरी भाग डेटा विकण्या-देण्यातून येतो का. युरोपचा डेटा संरक्षण कायदा, जीडीपीआर, मात्र तसा आकार बघत नाही. २५० पेक्षा कमी माणसं असतील तर नोंदी ठेवण्यात थोडी सवलत आहे आणि तीही अटींवर, बाकी नियम सगळ्यांना सारखे. शिवाय तुमचं ऑफिस युरोपात नसलं तरी तिथल्या लोकांना माल किंवा सेवा विकत असाल तर तो लागू होतो.

पण छोट्या धंद्याला कायद्याच्या आधी गाठतो तो मोठा क्लायंट. आजकाल कोणतीही बरी कंपनी व्हेंडर म्हणून घेण्याआधी प्रश्नावली पाठवते, डेटा कुठे ठेवता, कोणाला ऍक्सेस आहे, काम संपल्यावर डिलीट कसा करता, सब-कॉन्ट्रॅक्टर कोण. त्याची उत्तरं नसली की काम हातचं जातं. त्यामुळे दंडाच्या भीतीने नाही तर ऑर्डर मिळावी म्हणून तरी घर नीट लावून ठेवा.

जगात कायद्यांचं नेमकं काय चाललंय? थोडक्यात सांगा.

कल्पना नवी नाही, जर्मनीतल्या हेसे राज्याने १९७० मध्येच डेटा संरक्षणाचा कायदा केला होता. पण धंद्यांना खऱ्या अर्थाने जाग आली ती २५ मे २०१८ पासून, त्या दिवशी जीडीपीआर लागू झाला. दंडाची कमाल मर्यादा २ कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. मग रांगच लागली, २०२० मध्ये कॅलिफोर्निया आणि ब्राझील, नोव्हेंबर २०२१ पासून चीन, २०२३ मध्ये भारताचा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ऍक्ट, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली. त्यात सुरक्षेची काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. अमेरिकेत सगळ्या देशाला लागू होईल असा एकच सर्वसाधारण कायदा अजून नाही, एकेक राज्य आपापला करत चाललंय.

मोठे दंड कशासाठी झाले ते मात्र नीट बघण्यासारखं आहे. मेटाला २०२३ मध्ये १२० कोटी युरो आणि टिकटॉकला २०२५ मध्ये ५३ कोटी युरो, दोन्ही आयर्लंडच्या नियामकाने लावले, आणि दोन्हीकडे मुख्य मुद्दा हाच होता की युरोपातल्या लोकांचा डेटा बाहेरच्या देशात कसा गेला, मेटाचा अमेरिकेत आणि टिकटॉकचा चीनमध्ये. म्हणजे हल्ली नियामक नुसता लीक झाला का विचारत नाहीत, डेटा फिरला कुठे कुठे ते विचारतात. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी परत परत याच मुद्द्यावर येणार आहे.

प्रत्येक देशासाठी वेगळी व्यवस्था करायची का मग?

नको, वेडे व्हाल. या कायद्यांचा गाभा बराच सारखा आहे: कारण सांगून घ्या, गरजेपुरतं घ्या, सांगितलेल्या कामालाच वापरा, काम झालं की काढून टाका, माणसाने विचारलं तर दाखवा, आणि सांभाळून ठेवा. तुम्हाला लागू होणाऱ्यांपैकी सगळ्यात कडक कायदा धरून एकच पद्धत बसवा आणि मुदती, वयाच्या अटी, कोणाला कळवायचं असले फरक एका वेगळ्या पानावर लिहून ठेवा. ते पान मात्र वकिलाकडून तपासून घ्या, तिथे अंदाजावर जाऊ नका.

आमच्याकडे काय काय डेटा आहे हेच धड माहिती नाही. सुरुवात कुठून करू?

इथूनच. आणि हेच सगळ्यात मोठं काम आहे, बाकीचं सगळं यावर उभं राहतं. डेटा मॅपिंग म्हटलं की लोक महागडं सॉफ्टवेअर बघायला लागतात, पहिल्या वेळेला त्याची काही गरज नाही, एक साधी शीट पुरते. एक ग्राहक घ्या, एकच, आणि त्याची माहिती कुठे कुठे गेली ते शेवटपर्यंत शोधत जा. त्याने वेबसाईटवर फॉर्म भरला आणि माहिती डेटाबेसमध्ये गेली, इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. पण फॉर्म भरला की एक मेल ऑफिसच्या कॉमन इनबॉक्सला पण येतो आणि त्यात नाव, नंबर, पत्ता सगळं असतं. तिथून सेल्सवाल्याने नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला. महिन्याच्या रिपोर्टसाठी कोणीतरी एक्सपोर्टचं बटण दाबून एक्सेल काढली, ती डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडून राहिली, मग मेलवर गेली, मग व्हॉट्सऍप ग्रुपवर गेली कारण साहेब प्रवासात होते आणि मेल उघडत नव्हता. मार्केटिंगने तीच यादी ईमेल पाठवायच्या टूलमध्ये चढवली आणि जाहिरातींसाठी ऑडियन्स म्हणूनही, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची त्यांची यादी म्हणून, अपलोड केली. डेव्हलपरने नवीन फीचर तपासायला खऱ्या डेटाची कॉपी टेस्ट सर्व्हरवर घेतली, त्याचा पासवर्ड अख्ख्या टीमला माहिती आहे. आणि रात्रीचे बॅकअप वेगळेच.

एका माणसाच्या एका फॉर्मच्या इतक्या कॉप्या! मला विचाराल तर धंद्यातली प्रायव्हसी म्हणजे या कॉप्यांचाच प्रश्न आहे. मुख्य डेटाबेसवर सगळ्यांची नजर असते, त्याला पासवर्ड असतो, लॉग असतो, आणि कॉप्यांना कोणी वालीच नसतो. पॉलिसीचं पान कितीही सुंदर लिहिलं आणि एक्सपोर्टचं बटण सगळ्यांना मोकळं ठेवलं तर उपयोग शून्य.

म्हणून शीटमध्ये पाच रकाने पुरे आहेत: कोणती माहिती, कुठे आहे, कशासाठी, कोण बघू शकतं, कधी काढणार. "कशासाठी" हा रकाना जिथे भरता येत नाही ती माहिती घेणं बंद करायची, इथे दयामाया नको. जन्मतारीख घेताय पण वापरत कधीच नाही? फॉर्ममधून काढून टाका.

एक्सपोर्ट बंदच करायचं का? लोकांना रिपोर्ट तर लागतातच.

पूर्ण बंद केलंत तर लोक स्क्रीनशॉट काढतील, ते त्याहून वाईट. कोणाला खरंच लागतं ते बघा, तेवढ्यांनाच परवानगी द्या, आणि फाईलमध्ये नाव-नंबर न येता फक्त आकडे येतील असा रिपोर्ट बनवून द्या, कारण बरेचदा साहेबांना आकडेच हवे असतात, नावं कोणी वाचत पण नाही. फाईल पाठवण्याऐवजी लिंक पाठवायची सवय लावा, लिंक नंतर बंद करता येते, पाठवलेली फाईल परत बोलावता येत नाही. आणि टेस्ट सर्व्हरवर खरा डेटा नकोच, खोटी नावं आणि खोटे नंबर तयार करून देणाऱ्या लायब्ऱ्या फुकट मिळतात.

ग्राहक म्हणाला माझा डेटा डिलीट करा. एक बटण दाबलं की झालं ना?

झालं असतं तर किती बरं. वरची शीट खरंच भरली असेल तरच हे काम जमतं, नाहीतर आपण डिलीट केलं म्हणून कळवतो आणि आठ दिवसांनी त्याच माणसाला ऑफरचा मेल जातो.

आधी तो माणूस तोच आहे याची खात्री करा, पण त्यासाठी ओळखपत्राची कॉपी मागू नका, नाहीतर डेटा काढायला आलेल्या माणसाकडून आणखी डेटा घेतल्यासारखं होतं. ज्या ईमेलवर किंवा नंबरवर अकाउंट आहे तिथे लिंक किंवा ओटीपी पाठवला की बहुतेक वेळा भागतं. मग शीट उघडा आणि एकेका जागेवर जाऊन काढा: डेटाबेस, ईमेल टूल, हेल्पडेस्कची जुनी तिकिटं, चॅट, अपलोड केलेल्या ऑडियन्स याद्या, शेअर्ड ड्राईव्हवरच्या एक्सेल. ज्या व्हेंडरला डेटा दिला होता त्यालाही कळवा आणि त्याने काढला असं लेखी घ्या.

सगळं काही काढता येत नाही हेही लक्षात ठेवा. बिलं आणि हिशोबाचे कागद कर कायद्याने सांगितलेली वर्षं ठेवावेच लागतात, ते ठेवायचे, पण ते फक्त अकाउंट्सला दिसतील असे बाजूला. दुसरी एक गंमत अशी की या माणसाला पुन्हा मेल जाऊ नये म्हणून त्याचा ईमेल "पाठवू नका" यादीत ठेवावा लागतो, नाहीतर उद्या कोणीतरी जुनी एक्सेल परत चढवली की तो पुन्हा यादीत. तिथे पत्ता जसाच्या तसा न ठेवता त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पत्ता सहज वाचता येत नाही असा सांकेतिक आकडा, ठेवला तरी काम होतं.

बॅकअपचं काय, हा प्रश्न हमखास येतो. बॅकअपच्या आतून एकच माणूस काढणं बहुतेक सिस्टीममध्ये शक्य नसतं. तिथे व्यवहार्य मार्ग म्हणजे बॅकअप ठराविक दिवसांनी आपोआप पुसले जातील असं सेट करणं, आणि डिलीट केलेल्या आयडींची एक छोटी नोंद ठेवणं, म्हणजे बॅकअप कधी रिस्टोर करायची वेळ आली तर ते आयडी पहिल्यांदा परत काढायचे. ग्राहकालाही हे सरळ सांगा, बॅकअपमध्ये इतके दिवस राहील आणि मग जाईल. खरं सांगितलं तर लोक समजून घेतात. उत्तर द्यायची मुदत जीडीपीआरमध्ये एक महिना आहे आणि गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन महिने वाढवता येते, कॅलिफोर्नियात ४५ दिवस.

डेटा किती दिवस ठेवायचा? लागेल कधीतरी म्हणून ठेवलेला बरा नाही का?

"लागेल कधीतरी" हे कारण नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये इक्विफॅक्स या कर्जदारांची माहिती ठेवणाऱ्या कंपनीमधून जवळपास १४.७ कोटी लोकांची माहिती गेली, आणि कारण होतं वेळेवर पॅच न केलेलं, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट न टाकलेलं एक सॉफ्टवेअर. पॅच कधीतरी कोणाकडूनही राहू शकतो, पण जो डेटा आपल्याकडे नाहीच तो कोणी नेऊ शकत नाही. प्रत्येक प्रकाराला मुदत ठरवा आणि काढायचं काम माणसावर सोडू नका, सिस्टीमला लावून द्या. नोकरीसाठी आलेले आणि न निवडलेले बायोडेटा, बंद पडलेली अकाउंटं, वर्षानुवर्षांचे कॉल रेकॉर्डिंग, इथे पहिला हात घाला.

वेबसाईटवर कुकी बॅनर लावलाय. संमतीचं काम झालं ना?

कुकी म्हणजे साईटने ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, आणि संमती झाली की नाही ते बॅनर कसा आहे त्यावर अवलंबून. "सगळं मान्य" एका क्लिकवर आणि नकार द्यायला तीन पानं आत जावं लागत असेल तर ती संमती नाही. फ्रान्सच्या सीएनआयएल या डेटा नियामकाने नेमकं याच कारणासाठी गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड लावल्याचं जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं. आधीच टिक केलेला चौकोनही चालत नाही, हे युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्येच स्पष्ट केलंय. हो आणि नाही दोन्ही बटणं शेजारी शेजारी, सारख्या आकाराची, सारख्या रंगाची ठेवा.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. काही लोक ब्राउझरमध्येच "माझा डेटा विकू नका" असा सिग्नल लावून ठेवतात, त्याला ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल म्हणतात. कॅलिफोर्नियात तो मानावाच लागतो. सेफोरा या सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या कंपनीने तो मानला नाही हे २०२२ च्या प्रकरणातलं एक मोठं कारण होतं आणि १२ लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं. ग्राहकाने बॅनरवर उत्तर देण्याआधीच पानावरची ट्रॅकिंगची कोडं चालू होत नाहीत ना हेही डेव्हलपरला तपासायला सांगा. पुष्कळ साईटवर बॅनर नुसता शोभेला असतो, ग्राहकाने नाही म्हटलं तरी मागे सगळं चालूच.

थर्ड पार्टी कुकी गेल्या की राहिल्या? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

दोन्ही. थर्ड पार्टी कुकी म्हणजे तुम्ही उघडलेल्या साईटने नाही तर दुसऱ्याच कंपनीने ठेवलेली कुकी. सफारीने २०२० पासून त्या पूर्ण अडवल्यात, फायरफॉक्सनेही ट्रॅकिंगवाल्या कुकी त्याच्या आधीपासून अडवायला सुरुवात केली होती. गूगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की दोन वर्षांत क्रोममधून काढणार, मग तारखा पुढे ढकलत गेले, जुलै २०२४ मध्ये म्हणाले काढत नाही, आणि एप्रिल २०२५ मध्ये वेगळा विचारणा-बॉक्सही आणणार नाही म्हणून सांगून टाकलं. म्हणजे क्रोममध्ये अजून आहेत. पण त्यावर धंदा उभा करू नका. ऍपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर "या ऍपला तुम्हाला ट्रॅक करू द्यायचं का" असं विचारायला लावलं तेव्हा मेटाने स्वतः सांगितलं होतं की २०२२ मध्ये त्याचा फटका साधारण १,००० कोटी डॉलरचा बसेल. एवढी मोठी कंपनी दुसऱ्याच्या एका सेटिंगमुळे हलते, मग आपलं काय?

मग मार्केटिंग करायचं कसं?

ग्राहकाने स्वतःहून दिलेल्या माहितीवर. त्याने काय घेतलं, कशाची चौकशी केली, कोणत्या गोष्टीचे मेल हवेत म्हणून सांगितलं. यादी लहान होईल, होऊ द्या, त्यातली माणसं मेल उघडणारी असतील. पान ज्या विषयाचं त्याच विषयाची जाहिरात ही जुनी पद्धत पण परत चालायला लागलीये आणि तिला कोणाचा माग काढावा लागत नाही. विकत घेतलेल्या याद्यांच्या नादी मात्र लागू नका, त्या लोकांनी तुम्हाला कधी हो म्हटलेलंच नसतं.

नावं काढून टाकली की डेटा अनामिक झाला, बरोबर?

हा गैरसमज फार महागात पडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यांच्या नोंदी संशोधनासाठी दिल्या, नावं आणि पत्ते काढून. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिप कोड तेवढा राहिला होता. लटान्या स्वीनी तेव्हा शिकत होत्या, त्यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड तिथेच राहायचे. त्यांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण, त्यात पुरुष तीन, आणि त्यांच्या झिप कोडमध्ये एकटे तेच. झालं, गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद सापडली. पुढे स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून असंही दाखवलं की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेव ठरू शकतात.

आता आपल्या एक्सेलकडे बघा. नाव काढलं, पण जन्मतारीख आहे, एरिया आहे, कोणत्या दिवशी काय घेतलं ते आहे. ती फाईल बाहेर दिली की माणूस दिल्यासारखाच आहे. द्यायचीच असेल तर जन्मतारखेऐवजी वयोगट, पूर्ण कोडऐवजी मोठा भाग, आणि ज्या गटात दोन-चारच माणसं उरतात तो गट काढून टाका. नावाच्या जागी आयडी घातला तर जीडीपीआरच्या दृष्टीने तो अजूनही वैयक्तिक डेटाच आहे, कारण आयडी कोणाचा ते तुमच्याकडच्या दुसऱ्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं.

कर्मचारी एआय टूलमध्ये ग्राहकांचा डेटा टाकतात. बंदी घालायची का?

नुसत्या बंदीने काही होत नाही, लोक स्वतःच्या फोनवर वापरतील. सॅमसंगमध्ये २०२३ मध्ये इंजिनिअरनी सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा टूल्सवर बंदी आणली. त्या लोकांचा हेतू वाईट नव्हता, काम पटकन व्हावं एवढंच. म्हणून लोकांना वापरायला एक चांगलं टूल द्या, कंपनीच्या प्लॅनवर, जिथे आपण टाकलेलं मॉडेल शिकवायला वापरणार नाही हे करारात लिहिलेलं असेल. आणि काय टाकायचं नाही ते एका ओळीत सांगा: नाव, नंबर, पत्ता, आजारपण, पगार, पासवर्ड, क्लायंटचा करार. तक्रारीचा मेल लिहून घ्यायचा असेल तर "ग्राहक अ" लिहूनही तेवढंच चांगलं उत्तर येतं.

मीटिंगचे नोट्स घेणारे बॉट बघून घ्या. ते मीटिंगमधल्या सगळ्यांचं बोलणं रेकॉर्ड करतात, समोरच्या कंपनीच्या माणसांचंही, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं. सुरुवातीलाच विचारा, कोणी नको म्हणालं तर बंद करा.

स्वतःचं मॉडेल बनवत असाल तर आणखी जपून. एव्हरअल्बम नावाच्या फोटो ऍपने लोकांचे फोटो चेहरा ओळखणाऱ्या सिस्टीमसाठी वापरले, २०२१ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने फोटोच नाही तर त्यातून बनवलेली मॉडेलं आणि अल्गोरिदमही नष्ट करायला लावले. डेटा चुकीच्या मार्गाने आला असेल तर त्यावर केलेली सगळी मेहनत जाऊ शकते.

कर्मचाऱ्यांचा डेटा यात धरायचा का?

नक्कीच, आणि इथे बहुतेक धंदे झोपलेले असतात. जर्मनीत न्युरेम्बर्गच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीचे काही वरिष्ठ लोक सुट्टीवरून किंवा आजारपणातून परत आलेल्यांशी बोलायचे आणि मग ते बोलणं टिपून ठेवायचे, आजार काय होता, घरात काय भानगडी आहेत, धर्म कोणता. ते नेटवर्क ड्राईव्हवर साठत गेलं. २०१९ मध्ये एका सेटिंगच्या चुकीने काही तास ते अख्ख्या कंपनीला दिसलं आणि सगळं बाहेर आलं, पुढच्या वर्षी दंड झाला ३.५३ कोटी युरो. विचार करा, आपण आजारातून उठून आलोय म्हणून कोणीतरी आपुलकीने विचारलं असं वाटतं आणि ते फाईलमध्ये जातं, त्या माणसांना काय वाटलं असेल. सुट्टीच्या अर्जात आजाराचं नाव मागत असाल तर आजच ते बंद करा, रजा किती दिवस एवढंच धंद्याला लागतं.

लहान मुलं आमचं ऍप वापरतात. वेगळं काही?

हो, बरंच. अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची परवानगी लागते, युरोपात मुलाने स्वतः संमती द्यायचं वय देशाप्रमाणे १३ ते १६, आणि भारतात १८ पूर्ण होईपर्यंत पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ऍप मुलांसाठी बनवलेलं नसलं तरी मुलं वापरतात हे तुम्हाला दिसत असेल तर डोळेझाक करता येणार नाही. मुलांना लक्ष्य करून जाहिराती पूर्ण बंद ठेवा, हा माझा स्पष्ट सल्ला.

डेटा क्लाउडवर आहे, म्हणजे जबाबदारी क्लाउडवाल्याची ना?

ग्राहकाने माहिती तुम्हाला दिली, त्याच्या दृष्टीने जबाबदार तुम्हीच. क्लाउडवाला त्याच्या सर्व्हरचं बघेल, पण फोल्डर सगळ्या जगाला उघडं ठेवलं तर ती चूक तुमची. सर्व्हर कोणत्या देशात आहे ते विचारून घ्या. युरोप-अमेरिकेतली डेटा पाठवायची व्यवस्था युरोपच्या न्यायालयाने दोनदा रद्द केलीये, २०१५ मध्ये सेफ हार्बर आणि २०२० मध्ये प्रायव्हसी शील्ड, सध्या जुलै २०२३ पासूनची तिसरी चालू आहे. म्हणून करारात एवढं तरी हवंच: डेटा कुठे ठेवणार, पुढे कोणाला देणार, काही झालं तर किती तासांत कळवणार, करार संपल्यावर काय करणार.

प्रायव्हसी पॉलिसी नेटवरून घेतली तर चालेल?

नाही. त्यात दुसऱ्या कोणाच्या धंद्याचं वर्णन असतं. "आम्ही डेटा कोणालाही देत नाही" असं लिहिलेलं आणि पानावर चार ट्रॅकर चालू, मग ते ग्राहकाला खोटं सांगणंच झालं. शीट भरली की पॉलिसी त्यातूनच लिहून होते, साध्या भाषेत, दोन पानांत.

वेगळा प्रायव्हसी ऑफिसर नेमायला लागेल का?

मोठ्या प्रमाणावर लोकांवर नजर ठेवायचं किंवा आरोग्यासारख्या नाजूक डेटाचं काम असेल तर जीडीपीआरमध्ये लागतो. बाकीच्यांनी एका माणसाचं नाव ठरवा, त्याला वेळ द्या आणि नाही म्हणायचा अधिकार द्या. अधिकार नसेल तर नाव देऊन उपयोग नाही.

एवढं करूनही डेटा बाहेर गेला तर पहिल्यांदा काय करायचं?

आधी गळती थांबवा: ऍक्सेस बंद, लिंक बंद, पासवर्ड आणि कीज बदला, पण लॉग पुसू नका आणि मशीन फॉरमॅट करायची घाई करू नका, नाहीतर काय गेलं ते कधीच कळणार नाही. घड्याळ लावून नोंद सुरू करा, कधी कळलं, कोणाला कळलं, काय केलं. जीडीपीआरमध्ये लोकांना धोका असेल तर कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवावं लागतं, भारताच्या नियमांत विनाविलंब पहिली खबर आणि ७२ तासांत सविस्तर माहिती. सगळं समजेपर्यंत थांबू नका, जेवढं माहिती आहे तेवढं कळवा, बाकी नंतर जोडता येतं.

दाबून टाकायचा विचार मनात पण आणू नका. उबरमधून २०१६ मध्ये ५.७ कोटी लोकांचा डेटा गेला, कंपनीने हॅकरना १ लाख डॉलर दिले आणि वर्षभर गप्प राहिली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी १४.८ कोटी डॉलरला तडजोड करावी लागली, आणि २०२२ मध्ये कंपनीच्या माजी सुरक्षाप्रमुखाला न्यायालयाने दोषी ठरवलं.

ग्राहकांना कळवताना वकिली भाषा नको. काय गेलं ते नाव घेऊन सांगा, फोन नंबर आणि पत्ता गेलाय, कार्डाची माहिती गेलेली नाही, असं. त्यांनी काय करायचं ते सांगा: पासवर्ड बदला, आमच्या नावाने कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका. आणि खाली असा एक नंबर द्या जिथे खरंच कोणीतरी माणूस फोन उचलेल, पुढचे काही दिवस तरी, कारण घाबरलेली माणसं फोन करणारच.